केलेले काम, चार ओळींत

पीएच.डी.च्या सहामाही प्रगती अहवालात ‘या कालावधीत केलेले संशोधनकार्य’ असा एक रकाना असतो आणि त्याखाली चार ओळींची जागा. गेले काही आठवडे मी नुसती पळतेय, मेसचा दुपारचा डबा संध्याकाळी उघडतेय, तरी त्या चार ओळी भरेनात. जे केलं ते रकान्यात बसत नाही आणि जे बसेल ते अजून झालेलं नाही.

माझा विषय अठराव्या शतकातले जासूद. पेशव्यांची, सरदारांची पत्रं घेऊन मजल-दरमजल जाणारी माणसं. बहुधा दोघं मिळून निघत, म्हणून कागदांत ‘जासूद जोडी’. नातेवाइकांना वाटतं मी हेरगिरीवर काहीतरी करतेय. लग्नाकार्यात त्यामुळे जरा भाव मिळतो, म्हणून मीही फार खुलासा करत नाही. एवढी पत्रं वाहिली, पण स्वतःविषयी या लोकांनी काही लिहून ठेवलेलं नाही. ते सापडतात खर्चाच्या नोंदीत, नाहीतर दुसऱ्याच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत.

कागद मोडी लिपीत. आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिच्याखाली लिहीत सुटायचं. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानं बघावं. वर्ष अरबी आकड्यांच्या शब्दांत, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं येतं. म्हणजे 1161. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, की 1760-61, पानिपताचं साल. दोन आकडे अशासाठी, की हे साल जानेवारीत नाही, मृगाला बदलतं. गोविंद सखाराम सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापून काढले. तेवढ्याच अवधीत मी दीड प्रकरणावर आहे. ही तुलना आमच्या सरांना फार आवडते.

बाकी दिवस कसे गेले? फेलोशिपच्या कागदावर सह्या, तासिका तत्त्वावरची लेक्चर्स, पेपर तपासणी. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

सांगण्यासारखी झाली ती रूममेटची खुली मौखिकी. तिचा प्रबंध बेदाण्याच्या सौद्यांवर, म्हणजे लिलावांवर, आणि घरचे तासगावकडचे द्राक्षबागायतदार. जीप भरून मंडळी आली. प्रोजेक्टर मिळवणं, चहाचं सांगणं, बाहेरून आलेल्या परीक्षकांना स्टेशनवरून आणणं माझ्याकडे होतं. परीक्षकांनी नमुना निवडीवरून तिला चांगलंच धरलं. मागच्या रांगेतली आत्या माझ्या कानाशी म्हणाली, “एवढं बोलतायत, आन् ही हसतीय काय?”

मग अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, सभागृहातून कुणाला प्रश्न? अशा वेळी सगळे मोबाइलकडे बघतात. तिचे आप्पा उभे राहिले. “सौद्यात बेदाणा उधळतात. खाली सांडतो तो माल शेतकऱ्याचा. त्याचा हिशोब कुठं धरलाय?”

क्षणभर तिला काय म्हणावं कळेना. मग म्हणाली, “आप्पा, चौथ्या प्रकरणात आहे.” आणि तक्ता काढून दाखवला. आप्पांचं तेवढ्यावर भागलं नाही; सांडलेला माल पुढे कुणाच्या वाट्याला जातो, हे त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. परीक्षक लिहून घेत होते! माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. पदवीची शिफारस झाली, सरांना शाल-श्रीफळ झालं आणि पेढ्यांऐवजी घरच्या बेदाण्याच्या पुड्या वाटल्या गेल्या.

त्याच गर्दीत मी आमच्या सरांना गाठलं. जुन्या काळी पत्र हाती आलं, की त्यावर पोचल्याची तारीख टाकत, ती पैवस्ती. पत्र लिहिल्याची तारीख आणि पैवस्ती यांतल्या अंतरावरून जासूद वाटेत किती दिवस होते ते काढायचं, यावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे. सरांना मेल केलेल्या प्रकरणावर मात्र पैवस्ती पडलेली नव्हती.

“सर, माझं दुसरं प्रकरण...”

“मिळालं ना. बसू या एकदा,” सर बेदाणे चघळत म्हणाले.

“कधी?”

“मृग लागला की लगेच.”

मी मनात हिशेब केला. मृग आदल्याच आठवड्यात लागला होता.