मावशीचा प्रश्न

"ह्यात आपल्याकडलं कुणी हाय का रं?"

एक्स-रेवरून आजार ओळखायला संगणकाला शिकवायचं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी लॅपटॉपवर छातीचे एक्स-रे बघत बसलो होतो. चहा द्यायला आलेली मावशी तिथंच थबकली. बीडची, वीस वर्षं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली.

डेटासेट, म्हणजे शिकवण्यासाठीचा हा एक्स-रेंचा संच, २०१७ चा, अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा. १,१२,१२० एक्स-रे, ३०,८०५ रुग्ण, सगळे तिकडच्या रुग्णालयातले.

"नाही," म्हणालो.

तिनं छातीवर हात ठेवला. "मग आमचा फोटू त्याला कसा कळंल?"

माझ्या प्रबंधात अचूकतेचे तक्ते आहेत. पण त्या डेटासेटमधल्या १४ आजारांच्या यादीत टीबी नाहीच! इतके दिवस यादी डोळ्यासमोर होती, खटकलं आज.

आपल्या जिल्हा रुग्णालयांतले एक्स-रे, नाव-गाव पुसून, रीतसर परवानगीनं अभ्यासाला मिळवायचे आहेत. कुणी हे केलंय का? सुरुवात कुठून करू?