तुम्ही विचारलंत म्हणून: हार, नवरा आणि आमच्या बाया

"जुन्या कथांतली बाई कोणाची तरी बायको, नाहीतर विधवा. तिचं बरंवाईट नवऱ्यावरून ठरते. मग तुमी आमच्या बायाईले त्याच कथा काऊन वाचून दाखवता?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हे मला कॉलेजात जाणाऱ्या मुली विचारतात, नव्यानं आलेल्या शिक्षिकाही विचारतात. वेचणीच्या दिवसांत सोडून बाकी वर्षभर आम्ही काहीजणी संध्याकाळी समाजमंदिरात बसतो. मी कथा वाचते. परक्या भाषेतली असली तर आपल्या बोलीत सांगते. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या कधी शाळेत गेलेल्या नाहीत.

तक्रार खरीच आहे. पण चांगल्या जुन्या कथेत पुरुषाच्या वागण्याचाही हिशेब लिहिलेला असतो. तो वाचायचा आपण सोडून देतो आणि बाईला दोष देऊन मोकळे होतो.

फ्रेंच लेखक मोपासाँची १८८४ सालची हाराची गोष्ट घ्या. कारकुनाची बायको मातील्द मेजवानीसाठी मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून आणते आणि हरवते. नवरा-बायको कर्ज काढून तसाच दुसरा हार घेऊन देतात, दहा वर्षं फेडत राहतात. शेवटी कळतं की मूळ हार खोटा होता. आमच्याकडे ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यांचं एकच मत पडलं: नटायची हौस नडली. मोठमोठी शिकलेली माणसंही हेच म्हणतात.

मग मी मधला भाग पुन्हा सांगितला. हार हरवल्यावर 'कडी तुटली, दुरुस्तीला दिला आहे, असं मैत्रिणीला लिही, तेवढाच वेळ मिळेल', हे सुचवतो नवरा. तो सांगत जातो आणि ती लिहीत जाते. मोपासाँनं हे दोन ओळींत उरकलं आहे, पण पुढची दहा वर्षं त्या दोन ओळींतून निघतात. त्याच दिवशी मैत्रिणीला खरं सांगितलं असतं, तर तो हार पाचशे फ्रँकपेक्षा जास्त किमतीचा नाही, हे तिथेच कळलं असतं. त्याऐवजी छत्तीस हजार भरले.

तो नवरा वाईट माणूस नाही. बंदुकीसाठी साठवलेले चारशे फ्रँक तो तिच्या झग्यासाठी देतो. हार शोधायला रात्री पायी फिरतो, बापानं ठेवलेले अठरा हजार मोडतो, उरलेल्यासाठी सावकारांना सह्या देतो, रात्री जागून लोकांचे हिशेब उतरवतो. मला तो माणूस आवडतो. त्याचं खोटं लालसेतून आलेलं नाही, अब्रूच्या भीतीतून आलेलं आहे. ही भीती आमच्या बायांनी लगेच ओळखली. इथे कापूस बुडाला की घरधनी खाजगी सावकाराकडून उचल घेतो आणि घरात सांगत नाही. तो गेल्यावर कुठे किती देणं आहे, हे बाईला दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडून समजतं. हे ज्यांच्या घरी झालं आहे अशा बाया त्या बैठकीत होत्या. एक म्हणाली, "त्यानं तिले इचारून तरी लिवाले सांगतलं. आमच्या घरी तं इचारलंच नाही." त्यानंतर हौसेचा विषय कोणी काढला नाही.

ही रीत मी काही शोधलेली नाही. आमच्याच वऱ्हाडात, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली ती याच रागातून. सुरतेच्या एका विधवेला बालहत्येच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली होती, सगळे तिच्यावर तुटून पडले होते. ताराबाईंनी विचारलं, बाईला चिकटवता ते दोष पुरुषात नाहीत काय? पुराणांतल्या आणि नाटक-कादंबऱ्यांतल्या गोष्टीही त्यांनी सोडल्या नाहीत. मुलींना मी आधी ताराबाई वाचायला देते, मग कथा.

तशी नजर असली की टागोरांची १८९३ सालची 'शास्ति' अंगावर येते. छिदामच्या भावानं स्वतःच्या बायकोचा खून केला, आणि भावाला वाचवायला छिदाम तो खून आपल्या बायकोच्या, चंदराच्या माथी मारतो. बायको गेली तर दुसरी मिळेल, भाऊ कुठून मिळणार, असं तो उघड बोलतो. चंदरा कोर्टात गुन्हा कबूल करते आणि फाशीच्या आधी त्याला भेटायलाही नकार देते. तिला दुबळी म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट पुन्हा वाचावी.

प्रेमचंदांच्या 'कफन'वर मात्र माझ्याजवळ तयार उत्तर नाही. झोपडीत बुधिया बाळंतवेणांनी तडफडते आहे. बाहेर तिचा नवरा माधव आणि सासरा घीसू शेकोटीत भाजलेले बटाटे खात बसले आहेत. माधव आत जात नाही, कारण तेवढ्यात बाप बटाटे संपवेल. ती मरते आणि कफनाच्या पैशाची दोघं दारू पितात. कथा रात्रभर बाहेर, पुरुषांजवळच बसते. बुधियाचं कण्हणं फक्त ऐकू येतं. मुली म्हणतात, इथे तर बाईला माणूस म्हणूनही जागा नाही. मला ते पटतं. तरीही मी ही कथा वाचते, कारण एवढा निर्दय हिशेब दुसरीकडे क्वचितच मिळतो.

मागे 'कफन' वाचली तेव्हा एका म्हाताऱ्या सुईणीनं विचारलं, "गावातल्या बाया कुठं होत्या रातभर?" कथेत त्या दुसऱ्या दिवशी येतात, प्रेत पाहून दोन आसवं गाळतात आणि जातात. मी म्हटलं, घीसू-माधवचं घर चांभाराचं होतं आणि गावात बदनामही होतं. तेव्हा वस्तीवरून येणारी एक बाई म्हणाली, "मंग बरोबर आहे. आमच्याकडे बी रातीबेराती कोणी येत नाही." सुईणीनं ते मानलं नाही, आपण कोणाकोणाकडे गेलो ते नावानिशी सांगू लागली. वस्तीवरच्या बाईनंही, कोणाकोणाकडे कोणीच गेलं नाही, ती नावं घेतली. दोघी बराच वेळ भांडल्या, आणि आम्ही बाकीच्यांनी त्यांना थांबवलं नाही.