पोट दुखणाऱ्या मुलाची सोनोग्राफी: अपेंडिक्स शोधताना

घाईने दाबलेला प्रोब (पोटावर टेकवून फिरवायचा सोनोग्राफीचा भाग) हा या तपासणीचा सर्वात मोठा शत्रू. मूल एकदा रडायला लागलं की पोट ताठ होतं, आतड्यात हवा जाते आणि पुढचं काहीच धड दिसत नाही. म्हणून जेल कोमट करून घ्या, मुलाला आईच्या मांडीवर राहू द्या आणि सुरुवात न दुखणाऱ्या बाजूने करा. वक्र प्रोबने यकृत, मूत्रपिंडं, मूत्राशय आणि पोटातलं पाणी आधी बघून घ्यावं. आतड्यासाठी मात्र लिनिअर, म्हणजे सपाट टोकाचा प्रोबच हवा.

कळत्या वयाच्या मुलाला एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगा. अपेंडिक्स बऱ्याचदा तिथेच सापडतं. श्वास सोडताना प्रोब हळूहळू दाबत न्यायचा आणि सोडतानाही हळूच सोडायचा, कारण झटक्याने सोडला की जास्त दुखतं. सोआस (कण्यालगतचा खोल स्नायू) आणि इलियाक (ओटीपोटातल्या मोठ्या) रक्तवाहिन्या स्पष्ट दिसल्या, म्हणजे दाब पुरेसा झाला. सीकमपासून (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीपासून) निघालेली, हालचाल नसलेली आणि एका टोकाला बंद असलेली नळी शोधा. शेवटचं लहान आतडंही तसंच भासतं, पण ते हलतं आणि त्याला बंद टोक नसतं.

बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास ६ मिमीपेक्षा जास्त आणि दाबल्यावर न चपटणारी नळी, ही खूण सगळ्यांना पाठ असते. पण निव्वळ आकड्यावर निदान ठोकू नये. मळ किंवा हवा भरलेलं निरोगी अपेंडिक्सही ६ मिमीच्या वर जातं, आणि फुटलेलं अपेंडिक्स पुन्हा बारीक दिसू शकतं. भोवतालची चरबी पडद्यावर पांढरी आणि सुजलेली आहे का, हे मला व्यासाइतकंच मोलाचं वाटतं. टोकापर्यंत बघणं तर चुकवूच नये, कारण सूज कधी कधी फक्त टोकाला असते. सीकमच्या मागे दडलेलं अपेंडिक्स समोरून दिसत नाही. अशा वेळी मुलाला डाव्या कुशीवर वळवून कमरेच्या उजव्या बाजूने बघा, किंवा दुसऱ्या हाताने पाठीमागून वर दाब द्या.

‘अपेंडिक्स दिसलं नाही’ म्हणजे ‘नॉर्मल आहे’ असं नव्हे. रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा, आणि भोवताली सूज, पाणी किंवा गळू आहे की नाही हेही नोंदवा. दुखणं कायम असेल तर काही तासांनी पुन्हा तपासावं.

तीन महिने ते तीन वर्षांच्या बाळात आतड्यात आतडं शिरलेलं नाही ना, हे मोठ्या आतड्याच्या मार्गाने जात बघा. लहान आतडं मोठ्यात शिरलेलं असेल तर साधारण अडीच सेंटिमीटरहून मोठी, वलयांची गाठ दिसते आणि तिच्यात चरबी व लसिकाग्रंथी असतात. त्याहून लहान, फक्त लहान आतड्यातली गाठ बहुधा आपोआप सुटते. थोडं थांबून पुन्हा बघा.

मुलींमध्ये भरलेल्या मूत्राशयातून दोन्ही अंडाशयांची तुलना करा. एक बरंच मोठं असेल, तर डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) प्रवाह दिसतो म्हणून अंडाशयाला पीळ पडल्याची शक्यता नाकारू नका. अंडाशयाला दोन ठिकाणांहून रक्त मिळतं, त्यामुळे पीळ असूनही प्रवाह दिसू शकतो. मुलग्यांमध्ये वृषण तपासल्याशिवाय प्रोब ठेवू नका. वृषणाला पीळ पडला तरी कित्येक मुलं फक्त ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतात.