आधी हवा ठरवा

विज्ञानकथांसाठी चित्रं काढणं हा माझा व्यवसाय आहे. दिवाळी अंकांतल्या कथाचित्रांपासून सुरुवात झाली, आता मुलांच्या पुस्तकांसाठीही काढते. कधी न पाहिलेलं जग कसं काढता, असं लोक विचारतात. मी ते आपल्या शाळेत, चित्रकलेच्या तासाला शिकले.

आठवीत माझी वही अक्राळविक्राळ प्राण्यांनी भरलेली असे. सहा पाय, तीन डोळे, वर पंख. आमच्या सरांनी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. ते एवढंच विचारत, "याचं वजन किती, आणि ते पेलतंय कोण?" मग एके दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेलं आणि देवमाशाच्या सांगाड्यासमोर बसवलं. निळ्या देवमाशाचा हा सांगाडा सुमारे २२ मीटर लांब आहे. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी तो मासा वाहून आला होता. बडोद्यात वाढलेल्या कुणालाही तो नवा नाही. पण पेन्सिल घेऊन बसल्यावर त्या वल्ह्यासारख्या अवयवात दंड, मनगट, बोटांची पेरं एकेक करून सापडत गेली. म्हणजे आपलाच हात, पाण्यासाठी घडवलेला! त्या दुपारी मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

पुढच्या तासाला सर विज्ञानाच्या बाईंनाच वर्गात घेऊन आले. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पायाच्या हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे भार पेलायची ताकद, मात्र चौपटच. म्हणून हत्तीला हरणाचे पाय चालत नाहीत. देवमाशाचं वजन पाणी पेलतं. किनाऱ्यावर पडला की तो स्वतःच्याच भाराखाली दबतो. आजही मंगळावरचा प्राणी काढताना, तिथलं गुरुत्व आपल्या ३८ टक्केच आहे हे धरून मी पाय सडपातळ ठेवते.

सरांचा दुसरा धडा हवेचा. दूरचे डोंगर फिके, निळसर रंगवायचे, हे निसर्गचित्र शिकणाऱ्या सगळ्यांनाच सांगतात. पावागडाच्या सहलीत आम्हीही तसेच रंगवत होतो. सर म्हणाले, "हा फिकेपणा डोंगराचा नाही, मधल्या हवेचा आहे. चंद्रावर काय करशील?" चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे लांबचा डोंगरही जवळच्या दगडाइतकाच रेखीव दिसतो. अपोलोच्या अंतराळवीरांनाही तिथे अंतराचा अंदाज नीट येत नसे. कुठलंही नवं जग काढताना मी आधी हवा ठरवते. रंगाची बाटली त्यानंतर उघडते.

चेस्ली बोनस्टेल या अमेरिकन चित्रकारानं १९४४ मध्ये टायटन या शनीच्या उपग्रहावरून दिसणारा शनी रंगवला. निळं आकाश, बर्फाळ कडे, मध्ये वलयांसह शनी. २००५ मध्ये ह्युजेन्स यान टायटनवर उतरलं, तेव्हा तिथे दाट नारिंगी धुरकं होतं; जमिनीवरून शनी असा स्वच्छ दिसणं शक्य नाही. तरी ते चित्र मला अतिशय प्रिय आहे. त्या काळी जेवढं माहीत होतं तेवढ्याचा त्यानं प्रामाणिक हिशेब केला होता.

हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्यायला सरांनीच शिकवलं. लांब धरलेली मूठ आकाशाचा साधारण १० अंशांचा भाग झाकते. युरोपा या उपग्रहावरून गुरू १२ अंशांचा दिसेल, म्हणजे मुठीहून थोडा मोठा, आपल्या चंद्राच्या सुमारे चोवीसपट रुंद. शिवाय तो उगवणार नाही की मावळणार नाही. युरोपाची एकच बाजू कायम गुरूकडे असते. अशा आकाशाखाली राहणाऱ्यांची घरं कुठल्या दिशेला तोंड करून असतील, यावर मी सध्या चित्रमालिका करते आहे.

शाळेला एक कळकळीची विनंती. चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयांच्या जादा तासांना देऊ नका. पुढच्या सुट्टीत मी बडोद्यात आहे. आठवी-नववीतल्या ज्या मुलामुलींना यायचं असेल त्यांना घेऊन देवमाशापुढे बसायची माझी तयारी आहे. कागद मी आणीन. पेन्सिली मात्र टूबी आणा, एचबी नकोत.