आमची वाटचाल : घरचं आधण आणि बाजारचं आधण

आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात, आजोबांपासूनचं. त्यामुळं नोकरी सोडून स्टार्टअप काढला वगैरे स्टोरी आमच्याकडं नाही, मी आपला आबांच्या मागं काहिलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभा राहून शिकलो. काहिलीत एकावेळी उकळतो तेवढा रस म्हणजे एक आधण.

आधी एक कबूल करतो, हायड्रॉस आमच्यातबी पडायचा. रसावरची मळी काढून झाली की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मूठभर पांढरी पावडर टाकायचा आणि बघता बघता रस पिवळाधमक. सोडियम हायड्रोसल्फाइट, कापडाच्या धंद्यात रंग उडवायला वापरतात तेच. त्यातनं गुळात सल्फर डायऑक्साइड उरतो, तो ७० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ७० भाग) चालतो असा नियम आहे, पण मुठीनं टाकणाऱ्याला पीपीएम कुठनं कळणार? आणि न टाकून सांगता कुणाला, सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, पिवळ्या रव्याला (गुळाच्या ढेपेला) दर, तपकिरी रवा व्यापारी बोटानं टोकरून पुढं जातो. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, बोर्ड नवे लागले, काहिलीत काय बदललं नाही.

गंमत म्हणजे घरच्यासाठी दरवर्षी एक आधण बिनहायड्रॉसचं निघायचं. बायको लग्नानंतर पहिल्यांदा गुऱ्हाळावर आली, तिनं ते बघितलं आणि विचारलं, "मग लोकांचा तो कुठला?" आबा काय बोलले नाहीत, मीपण नाही.

पुढच्या सीझनला हायड्रॉस बंद केला. मळी काढायला रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस आणि चुन्याची निवळी, एवढंच. पाडव्याच्या सौद्यात आमचे रवे तसेच पडून राहिले, मग पुण्या-मुंबईला अर्धा-एक किलोचे पॅक सुरू केले. तिथं वेगळीच तऱ्हा, लोक आधी विचारतात केमिकल नाही ना, आणि पाकीट उघडून म्हणतात जरा पिवळा नाही का हो मिळणार, पोळीला रंग चांगला येतो!

मधे एकदा घसरलोपण. संक्रांतीला एका दुकानाची ५०० किलोची ऑर्डर होती, फिक्काच पाहिजे म्हणाला, हप्ता थकलेला, सगळ्या आधणांत टाकला हायड्रॉस. थोड्या आठवड्यांनी त्याचाच फोन, गूळ काळा पडलाय. पडणारच, तो रंग टिकत नाही. पैसे परत दिले, त्या साली नफा शून्य.

'केमिकल फ्री' आम्ही छापत नाही, कारण चुना घालतो, तो पाकिटावर लिहितो. त्यानं गिऱ्हाईक बिचकतं हे खरंय. आणि तपकिरी म्हणजे चांगला असंही धरून चालू नका, साखर घालून जास्त तापवला तरी गूळ गडदच होतो. त्यापेक्षा हिशोब घाला, टनभर उसाला गूळ पडतो १००-१२० किलो, ऊस तीन हजारानं धरला तरी किलोमागं २५-३० रुपये उसाचेच, मग गुळव्या, जाळ घालणारा, गाळप, पॅकिंग, भाडं. साखरेपेक्षा स्वस्त सेंद्रिय गूळ कुणी दिला तर त्यात काय आहे ते त्यालाच विचारा, आम्हाला पण विचारा, सीझनमधे गुऱ्हाळ उघडंच असतंय.

घरचं वेगळं आधण आता निघत नाही. आई पॅकिंगच्या टेबलावरनंच डबा भरून नेते, आणि पैसे काय देत नाही.