शेवटचं पाणी: तुम्ही विचारलंत म्हणून

“सिस्टर, ननांच्या ठिकाणी ठेवलं तर शेवटी तोंडात गंगाजल घालू देतील ना?” घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या आम्हा नर्सेसना हा प्रश्न पेशंटसमोर कुणी विचारत नाही. तो जिन्यात येतो, चपला घालताना, खालच्या आवाजात. आता एकदा काय ते सांगून टाकते.

घालू देतात. हॉस्पिस म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणारं ठिकाण. भारतातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळचं शांती आवेदना सदन. १९८६ साली डॉ. लुईस डिसूझा या कॅन्सर सर्जननी ते सुरू केलं, शुश्रूषा होली क्रॉसच्या सिस्टर्सनी उचलली. पैसे घेत नाहीत आणि पेशंट कुठल्या धर्माचा हे पाहत नाहीत. ‘नेऊन बाटवतील’ ही भीती मी इतक्यांदा ऐकली आहे की आता चिडतही नाही. थोडी चिडते.

घोडं अडतं ते गिळण्यापाशी. शेवटच्या दोन-तीन दिवसांत माणूस गुंगीत असतो, घशाचे स्नायू सैल पडतात, ठसका लागण्याइतकीही ताकद उरत नाही. चमचाभर पाणी सरळ श्वासनलिकेत उतरू शकतं. म्हणून आम्ही लिहून देतो : तोंडाने काही देऊ नका.

एका घरी मीही एवढंच लिहिलं होतं. सासरे अंथरुणावर, सून तिसरी रात्र जागी. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी असते, पण रात्री दहाला डबल डोस देतात म्हणजे दोनची पाळी टळते. ती सोय पेशंटइतकीच जागणाऱ्यासाठी असते. इथे मात्र गिळणंच थांबलं होतं, औषध कातडीखालच्या सुईतून चाललं होतं, आणि सुईकडे बघत बसायला ती एकटीच. पहाटे तीनला घशात घरघर सुरू झाली. थोरल्या आत्याबाई म्हणाल्या, “पाण्यात जीव अडकलाय, पाज गं.” तिने मान उचलून चार चमचे पाजले. घरघर वाढली. सहाच्या आत सगळं संपलं.

मी पोचले तेव्हा तिने विचारलं, “सिस्टर, चार चमचे म्हणजे किती एमएल?”

वीस, मी म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं का, कळत नाही.

मग समजावलं. घरघर पाण्याने सुरू होत नाही. गिळली न जाणारी लाळ घशात साठते आणि श्वास तिच्यातून जातो. ती पाण्याच्या आधीच लागली होती. माणूस तासांवर आला होता. हे सगळं खरं आहे. वीस एमएलने काहीच फरक पडला नाही, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि तिला नेमकं तेच ऐकायचं होतं.

चूक माझ्या कागदाची होती. ‘देऊ नका’ लिहिलं, ‘मग काय करायचं’ लिहिलं नाही. तेव्हा मला वाटायचं, नर्सने श्रद्धेच्या भानगडीत पडू नये. आता वाटतं, पडायलाच हवं, चमचा घेऊनच पडायला हवं.

तर आता कागदावर असं असतं. माणसाला कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच. घरघर पुष्कळदा त्यानेच कमी होते. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ. त्यात गॉझ बुडवून घट्ट पिळा, बोटाला गुंडाळा, गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवा. दर दोन तासांनी. दात घट्ट मिटले असतील तर बोट आत घालू नका, चावलं जातं. ओठांना तूप, ऑक्सिजन चालू असेल तर तूप-व्हॅसलिन दोन्ही नको. गंगाजल, झमझम, जे असेल ते, त्याच पिळलेल्या गॉझवर दोन थेंब. तुळशीचं पान ओठांना लावून काढून घ्या, आत ठेवलं तर टाळ्याला चिकटतं. प्राण गेल्यावर हवं तर ठेवा. कॅथलिक घर असेल तर पेशंट शुद्धीवर असतानाच फादरना बोलवा, कुमसार म्हणजे पापांची कबुली करायची तर बोलता यायला हवं.

आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत : रात्री १० ते २ कोण, २ ते ६ कोण. दोन वेगळी नावं. दोन्ही ठिकाणी सुनेचंच नाव दिसलं तर मी कागद परत देते. कुणी नसेलच तर पेशंटला चार दिवस हॉस्पिसमध्ये ठेवून घरच्यांना झोपू द्या. ‘टाकून आले’ म्हणणारे रात्री दोनला येत नसतात.

एवढं सगळं करूनही परवा एका आजोबांनी गॉझ माझ्या हातात परत ठेवला. “दोन थेंबांनी कुणाची तहान भागते, बाई?”

कोरडं पडतं ते तोंड, ओलं केलं की बरं वाटतं, असं मी सांगितलं. सलाइन लावलं तरी ते पाणी आता छातीत आणि पायांत साठेल, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. तांब्या मात्र उशाशीच होता.