अँकोट्समधला सुरती कापूस

मँचेस्टरच्या अँकोट्स भागात वाटाड्यासोबत पायी फेरी केली. मरे बंधूंच्या गिरणीसमोर थांबून तो म्हणाला, "अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, चांगला कापूस बंद झाला आणि इथल्या कामगारांच्या नशिबी हिंदुस्थानचा भिकार कापूस आला." सगळे हसले. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. मला ते वाक्य चांगलंच लागलं.

तो खोटं बोलत नव्हता. 1861 पर्यंत लँकेशायरचा, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या गिरणी पट्ट्याचा, तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या कष्टावर यायचा. उत्तरेच्या आरमाराने बंदरं रोखली आणि तो आटला. मग मुंबईच्या गाठी आल्या. त्यांना इथे सरसकट 'सुरत' म्हणत. धागा आखूड, त्यात कचरा. सूत सारखं तुटायचं, आणि मजुरी मालावर मिळत असल्यामुळे प्रत्येक तुटीचा फटका कामगाराच्याच खिशाला बसायचा. "देवा, कापूस पाठव, पण सुरत नको," अशी प्रार्थना केल्याचं इथे अजून सांगतात.

पण मग पुढचंही सांगा ना! इथली यंत्रं लांब धाग्यासाठी जुळवलेली होती. तोच आखूड धागा आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या हाताने कातला, त्याचीच लुगडी नेसल्या, त्याचीच धोतरं पुरुषांनी वापरली. भेसळ व्हायची, हे मान्य. मुंबई सरकारला 1863 साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तरीही ती चार वर्षं लँकेशायरला जो काही कापूस मिळाला, त्यातला मोठा वाटा आपल्या शेतकऱ्याचा होता. त्याच पैशाने मुंबईत सट्टा उसळला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच कोसळला. फेरीत यातलं अवाक्षर नाही.

इथल्या कामगारांबद्दल मात्र माझ्या मनात आदरच आहे. घरात चूल पेटत नसताना 31 डिसेंबर 1862 ला त्यांनी फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरवली आणि गुलामगिरीविरुद्ध लिंकनच्या बाजूने उभे राहिले. लिंकनने त्यांना पत्राने उत्तर दिलं. आज शहरात त्याचा पुतळा आहे.

अँकोट्सची उभारणीच कापसासाठी झाली. स्कॉटलंडहून आलेल्या ॲडम आणि जॉर्ज मरे या भावांनी 1798 साली वाफेवरची गिरणी बांधली. 1804 मध्ये रॉचडेल कालवा पुरा झाला. मरेंनी गिरणीच्या चौकातच धक्का खोदून तो भुयाराने कालव्याला जोडला, म्हणजे बोट थेट आवारात. लाल विटांची ती सरळसोट भिंत, ओळीने सारख्या खिडक्या, पायथ्याशी काळं पाणी. मान वर करून बघताना मला लालबागच आठवलं. कामगार मात्र तळघरांत राहायचे. 1832 च्या कॉलऱ्यात इथल्या दवाखान्यातले डॉक्टर जेम्स के यांनी ती दुर्दशा लिहून ठेवली. पालिकेने व्हिक्टोरिया स्क्वेअरची पाच मजली इमारत बांधली ती 1894 साली, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी. मधल्या चौकाकडे उघडणारे सज्जे, एकाला लागून एक बिऱ्हाडं: आपली चाळच. तिथे आजही ज्येष्ठ भाडेकरू राहतात.

मला हेवा वाटतो तो या इमारतीचा. गिरण्यांचे इथेही महागडे फ्लॅट झालेत, त्याचं कौतुक मला नको. आपल्याकडे 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मॉल आले, आणि म्हाडाच्या घरासाठी गिरणी कामगार म्हातारे झाले तरी सोडतीची वाट बघतायत. "तू तिकडे बसून काय बोलतोस?" असं कोणी म्हणेल. बोलणार! गिरणगाव माझंही आहे, आणि इथून जवळच्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कारखान्याची यंत्रं मुंबईत चालवणारे हात आमच्याच घरांतले होते.

फेरी संपल्यावर वाटाड्याला गाठून 1863 चा कायदा, 1865 ची मंदी आणि 1854 ला ताडदेवला निघालेली दावरांची, मुंबईतली पहिली कापूस गिरणी, सगळं सांगितलं. त्याने वही काढून लिहून घेतलं आणि 'दावर'चं स्पेलिंग विचारलं.